मृगाच्या आधी डिझेलच्या कॅनचा तळ बघा

25 मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं आणि 7-8 जूनला मृग. या दोन आठवड्यांत शेतकरी बियाणं, खत, पाळी, बांधबंदिस्ती यांत इतका गुंततो की वस्तीवरच्या जनरेटरकडे आणि त्याच्या शेजारच्या डिझेलच्या कॅनकडे त्याचं लक्षच जात नाही. आणि याच दिवसांत वळवाच्या वाऱ्याने तारा तुटतात, खांब आडवे होतात. माझ्या अनुभवात वर्षातली सगळ्यांत वाईट वीजबंदी याच काळात होते.

हा सल्ला गावठाणापासून लांब, शेतात राहणाऱ्यांसाठी आहे. घरावर सोलर पॅनेल, खाली इन्व्हर्टर-बॅटरी आणि अडीअडचणीला जनरेटर किंवा पाच एचपीचं डिझेल इंजिन, अशी ज्यांची सोय आहे त्यांच्यासाठी. त्यातही ज्यांच्याकडे पंख्यावर चालणारी बंदिस्त पोल्ट्री शेड, कोळंबीचं तळं किंवा दूध थंड ठेवायची टाकी आहे, त्यांनी हे आजच वाचावं.

मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होताना बघतो आहे. जनरेटर चांगला असतो, सर्व्हिसिंग झालेलं असतं, बॅटरी नवी असते. रात्री लाईट जाते, बटण दाबताच जनरेटर सुरू होतो आणि घरचे निर्धास्त झोपतात. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन अडखळतं, दोन-तीनदा धाप टाकतं आणि बंद पडतं. त्यानंतर कितीही सेल्फ मारला तरी ते उचलत नाही. बंदिस्त शेडमध्ये मोठे झालेले पक्षी असतील आणि बाहेर उकाडा असेल, तर पंखे थांबल्यावर अर्धा-पाऊण तास पुरतो. एका पोल्ट्रीवाल्याकडे पहाटे मेलेले पक्षी बाहेर काढण्याचं काम चालू असताना मी पोहोचलो होतो. मिस्त्री म्हणत होता नोझल गेलं, दुकानदार म्हणत होता पंप बदला. मी कॅन तिरका करून तळातलं काचेच्या बाटलीत काढलं. चार बोटं नुसतं पाणी होतं, आणि त्यावर शेवाळासारखा काळा, बुळबुळीत थर. ते डिझेल त्याने आदल्या दिवाळीत भरून ठेवलेलं होतं.

इंजिन सुरू होऊन मग का बंद पडतं, हे नीट समजून घ्या. नळीत आणि फिल्टरमध्ये मागच्या वेळचं चांगलं डिझेल असतं. तेवढ्यावर इंजिन सुरू होतं आणि काही मिनिटं चालतं. मग टाकीच्या तळातलं पाणी फिल्टरपर्यंत येतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी कायम तळाला बसतं, आणि टाकीतून इंजिनकडे जाणारी नळीही बहुतेक वेळा तळालाच असते. म्हणून दर रविवारी दोन मिनिटं जनरेटर चालू करून बघणं ही चाचणी नव्हे, ती फसवणूक आहे. चाचणी घ्यायची तर पंखे, मोटर जोडून, लोडवर, निदान अर्धा तास चालवा. महिन्यातून एकदा. आणि या वेळची चाचणी रोहिणी संपायच्या आत.

आता पाणी येतं कुठून? पंपावरच भेसळ असते असं सगळे म्हणतात. कधी असेलही; पण मी पाहिलेल्या दहापैकी नऊ कॅनमधलं पाणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या दारात शिरलेलं होतं. अर्धवट भरलेला कॅन किंवा पिंप श्वास घेतं. दिवसा तापतं, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार होतं, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्या हवेतली ओल आतल्या बाजूला दवासारखी धरते आणि ओघळून तळाला जाते. कोकणात जून ते सप्टेंबर हे रोज चालतं. कॅन जेवढा रिकामा, तेवढी हवा जास्त, तेवढं पाणी जास्त.

दुसरी वाट अजून वाईट आहे. दोनशे लिटरचं लोखंडी पिंप लोक पडवीच्या कडेला उभं ठेवतात. वरच्या झाकणाला काठ असतो, त्यात पन्हाळीचं किंवा पावसाचं पाणी साचतं आणि दोन्ही बुचं त्या पाण्याखाली जातात. संध्याकाळी पाऊस पडून पिंप गार झालं की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांमधून ते साचलेलं पाणी आत खेचलं जातं. बुच हाताने घट्ट केलं होतं, असं सगळेच सांगतात. हाताने घट्ट केलेलं बुच पाणी अडवत नाही. पिंप आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि आतल्या डिझेलच्या पातळीखाली येतील असं. आडवं ठेवायला जागा नसेल तर पिंपाखाली एका बाजूला वीट घालून ते तिरकं करा, म्हणजे पाणी बुचांपासून लांब साचेल. वर छप्पर हवंच.

जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना भिडतात, तिथे जंतू वाढतात. तो काळा बुळबुळीत थर त्यांचाच. फिल्टर चोंदतो तो त्याच्यामुळे. पाणी नसेल तर हे जंतू वाढत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी महागड्या बाटल्यांचा खर्च वाचेल. हल्ली दुकानात डिझेलचं टॉनिक म्हणून शंभर मिलीच्या बाटल्या विकतात. टाका आणि वर्षभर विसरून जा, असं सांगतात. तळात चार बोटं पाणी असताना कुठलीही बाटली ते पाणी नाहीसं करत नाही. जंतू मारणारी औषधं खरोखर असतात, पण ती मोठ्या टाक्यांसाठी, आधी पाणी काढून मग वापरायची. वस्तीवरच्या चाळीस लिटरसाठी त्यांची गरज नाही. तो पैसा एका जादा फिल्टरवर घाला.

जुनी मंडळी सांगतात की पूर्वी डिझेल दोन-दोन वर्षं टिकायचं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं आणि गंधकाची मर्यादा 50 पीपीएमवरून 10 पीपीएमवर आली. गंधक कमी झाल्यामुळे जंतूंना मोकळं रान मिळालं असावं, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर असो वा नसो, आपल्या उन्हात-ओलीत डिझेल सहा महिन्यांपलीकडे ठेवू नका. मी स्वतः तीन महिने धरतो. कॅनवर भरल्याची तारीख रंगाने लिहा, जुनं आधी वापरा. जुनं झालेलं पण स्वच्छ डिझेल ट्रॅक्टरमध्ये संपवून टाका आणि कॅन ताज्या डिझेलने भरा.

तळ तपासायची रीत अशी. कॅन आदल्या दिवशीपासून हलवू नका. दुसऱ्या दिवशी पारदर्शक नळी थेट तळापर्यंत सोडा, वरच्या टोकाला अंगठा लावून ती बाहेर काढा आणि आलेलं द्रव काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. तोंडाने डिझेल कधीही ओढू नका. फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, आणि चुकून कोणी गिळलंच तर उलटी करायला न लावता थेट दवाखाना गाठा. बाटली अर्धा तास स्थिर ठेवा. चांगलं डिझेल आरपार, चकचकीत दिसतं. गढूळ, दुधाळ दिसलं तर ओल आहे. तळाला वेगळा थर दिसला तर उघडच पाणी. शंका वाटली तर जिलेबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाका. तो डिझेलमध्ये विरघळत नाही. पाण्याचा एक थेंब असला तरी तळाला रंग पसरतो. पंपावाल्यांकडे पाणी शोधायची पेस्ट असते, ती मिळाली तर उत्तमच.

पाणी निघालं तर वरचं डिझेल हातपंपाने अलगद दुसऱ्या कोरड्या कॅनमध्ये घ्या आणि खालचं चार बोटं सोडून द्या. ते खालचं विहिरीत, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. वेगळ्या डब्यात भरून, खूण करून वर्कशॉपमध्ये द्या. जनरेटरच्या टाकीचंही तेच करा. खाली निचऱ्याचा बोल्ट असतो, तो उघडून आधी एक ग्लासभर काढा. फिल्टरखालची काचेची वाटी असेल तर ती दर आठवड्याला बघा.

किती साठवायचं? पाच एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातं. रोज सहा तास, सात दिवस, म्हणजे 42 लिटर. वीस लिटरचे दोन कॅन काठोकाठ नव्हे पण जवळजवळ पूर्ण भरलेले, आणि पाच लिटरचा एक सीलबंद. बहुतेक वस्त्यांना एवढं पुरतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडात आणि मंडणगड-दापोलीकडे अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. किनारपट्टीवाल्यांनी म्हणून दोन आठवड्यांचा हिशोब धरावा. पण दोनशे लिटरचं पिंप अर्धं भरून ठेवण्यापेक्षा चार कॅन भरलेले बरे. आणि दुकानदार मोठा जनरेटर गळ्यात मारत असेल तर थांबा. 25 केव्हीएच्या संचावर घरचे चार दिवे आणि एक मोटर चालवली तर तो कमी लोडवर काजळी धरतो आणि डिझेल जास्त पितो.

कायदा इथे शेतकऱ्याच्या आड येत नाही. पेट्रोलियम कायदा, 1934 प्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येतं आणि 2500 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, फक्त एकाही भांड्याची क्षमता 1000 लिटरपेक्षा जास्त नको. पेट्रोल मात्र विक्रीसाठी नसलं तरी 30 लिटरपर्यंतच, आणि ते धातूच्या, घट्ट बुचाच्या, 25 लिटरपर्यंतच्या भांड्यात. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ठेवू नका.

भांड्यांबद्दल:
- तणनाशकाचा, कीटकनाशकाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी नको
- जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली टाकी नको. जस्त डिझेलशी मिळून चिकट साका होतो
- पांढरा पारदर्शक कॅन उन्हात नको
- कॅन थेट जमिनीवर नको, लाकडी फळीवर
- फवारणीचं नरसाळं वेगळं, डिझेलचं वेगळं
- चूल, बॅटरी, खताच्या गोणी यांपासून लांब, कुलपात

फवारणी पंप, गवत कापायचं यंत्र आणि छोटा पेट्रोल जनरेटर यांची गोष्ट वेगळी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तो तळाला बसतो. पेट्रोल महिन्यापलीकडे ठेवू नका. यंत्र ठेवून देताना कॉक बंद करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

बाकीची नेहमीची कामं:
- इंजिन ऑइल, एअर फिल्टर, बेल्ट
- बॅटरीचे टर्मिनल साफ, डिस्टिल्ड वॉटर
- पॅनेल धुणं, नटबोल्ट आवळणं
- चेंजओव्हर स्विच तपासणं, नाहीतर तुमची वीज लाईनवर जाऊन वायरमनचा जीव घेईल

एक गोष्ट मात्र यादीत टाकून भागणार नाही. पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत, गोठ्यात किंवा खोलीत ओढून आणू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. बाहेरच चार खांबांवर पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा, घराच्या खिडकीपासून लांब.

आणि रात्री दोन वाजता ते बंद पडलंच तर. आधी शेडचे पडदे आणि दारं उघडा, पक्ष्यांना हवा मिळू द्या. कोळंबीच्या तळ्यात खाद्य ताबडतोब बंद, कारण पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. मग इंजिनकडे या. सेल्फ मारत बसू नका. कॉक बंद करा, फिल्टर काढून नवा बसवा. तो सीलबंद पाच लिटरचा कॅन उंचावर ठेवून त्याची नळी थेट फिल्टरला जोडा, टाकीला हात लावू नका. अडकलेली हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, स्क्रू आवळा, मग सुरू करा. हे सगळं विजेरीच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटांत होतं, पण फक्त ज्याने एकदा दिवसा करून बघितलंय त्यालाच. जादा फिल्टर, नळी, पाना आणि विजेरी एका पिशवीत घालून पिशवी त्या पाच लिटरच्या कॅनलाच बांधून ठेवा. या रविवारी, घरातल्या दोघांना हे करायला लावून.