ओव्हरहॉलनंतर बोटीच्या इंजिनात ऑइलचा दाब येत नाही तेव्हा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे मालीम, कुटबण, शापोरा आणि वास्कोच्या खारीवाड्यावर इंजिनांची मोठी कामं याच दोन महिन्यांत निघतात. जूनमध्ये जोडलेलं इंजिन ऑगस्टपर्यंत तसंच उभं राहतं. जोडताना बेअरिंगांना लावलेलं ऑइल तोवर निथळून जातं आणि ऑइल पंप कोरडा पडतो. अशा इंजिनाला थेट सेल्फ मारून चालू केलं, तर नवी बेअरिंगं पहिल्याच मिनिटात ओरखडतात.

म्हणून आधी प्रायमिंग करा, म्हणजे इंजिन पेटवण्याआधीच ऑइल सगळीकडे पोचवा. फिल्टर उभा बसत असेल तर तो ऑइलने भरूनच लावा. स्टॉप लिव्हर ओढून डिझेल बंद ठेवा, सेल्फ १० ते १५ सेकंद फिरवा, मग दोन मिनिटं थंड होऊ द्या. गेजचा काटा उठेपर्यंत हेच करायचं. ज्या बोटीत खारं पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं आहे, तिथे या वेळी सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक) बंदच हवा. नाहीतर इंजिन पेटलेलं नसतानाही पाण्याचा पंप पाणी ढकलत राहतो, ते मफलरमध्ये साचतं आणि मागे फिरून सिलिंडरात शिरतं. इंजिन पेटताक्षणी कॉक उघडायला एक माणूस तिथेच उभा करा.

चार-पाच वेळा फिरवूनही काटा हलला नाही, तर पंपाने हवा धरली आहे. प्रेशर स्विच काढून त्या भोकातून हातपंपाने लिटर-दीड लिटर ऑइल दाबाने आत घाला आणि पुन्हा फिरवा.

यानंतरही दाब कमी दिसला, तरी लगेच चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवू नका. आधी सेंडर (दाब मोजून इलेक्ट्रिक गेजला कळवणारा भाग) काढून त्या जागी ० ते १० किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) साधा मेकॅनिकल गेज लावा. खाऱ्या हवेत सेंडरची वायर आणि अर्थिंग गंजते आणि इलेक्ट्रिक गेज खोटं दाखवतो. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा धरायचा. अंदाजासाठी, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात गरम असताना आयडलवर निदान १ किलो आणि चालत्या वेगावर ३ ते ५ किलो दाब असावा.

दाब खरोखरच कमी असेल, तर तो कधी पडतो यावरून दोष शोधा.

पहिल्यापासूनच कमी असेल तर चूक बहुधा जोडणीतली असते. जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून बघा. गॅस्केटचा तुकडा किंवा ग्राइंडिंगची भुकटी अडकली की तो उघडाच राहतो. ब्लॉक धुताना काढलेला गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) एखादा प्लग परत बसवायचा राहिला, तर ऑइल आतल्या आत चेंबरमध्येच सांडतं. फिल्टर लांब बसवलेला असेल तर त्याचे दोन्ही होज तपासा. उलटे लागले तर फिल्टरमधला एकदिशा व्हॉल्व्ह वाट बंद करतो.

थंड असताना दाब चांगला आणि गरम झाल्यावर पडत असेल, तर बेअरिंगचा गॅप किंवा पातळ झालेलं ऑइल बघा. क्रँक ०.२५ मिमी घासलेला असेल तर शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या पाळीच्या) पाठीवर ०.२५ हाच आकडा हवा. स्टँडर्ड शेल बसले तर दाब टिकणारच नाही. ७० मिमीच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगात फिरणारा भाग) सुमारे ०.०७ मिमी गॅप योग्य. तो प्लास्टिगेजने (बेअरिंगात दाबून चपटी होणारी मोजपट्टीची दोरी) मोजा, हाताने हलवून अंदाज करू नका. ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर नोझल गळतं आहे किंवा फीड पंपाचा डायफ्राम फाटला आहे. तो दोष काढल्याशिवाय नवं ऑइल घालणं वाया जाईल.

लाटेवर काटा नाचत असेल तर पिकअप (चेंबरमधून ऑइल खेचणारा पाइप) हवा ओढतो आहे. त्याच्या पाइपची ओ-रिंग बघा, पण त्याआधी पातळी बघा. शाफ्टच्या उतारामुळे इंजिन मागे कललेलं असतं आणि किनाऱ्यावर ओढलेली बोट पाण्यातल्यासारखी बसत नाही. म्हणून मॅन्युअलइतकं ऑइल मोजून घाला आणि बोट पाण्यात उतरवून, डिझेल व बर्फ भरल्यावर डिपस्टिकवर नवी खूण करा. जास्त भरणंही तितकंच वाईट, कारण क्रँक ऑइलला फेस आणतो आणि फेसावर दाब धरत नाही.

दाब ठीक असला तरी टॅपेट कव्हर उघडून रॉकरवर ऑइल पोचतं का ते बघाच. हेड गॅस्केट उलटं बसलं की वर जाणारं भोक झाकलं जातं, आणि गेजवर ते कळत नाही.

ऑइल दुधी झालं तर त्यात पाणी आहे. सर्वात आधी संशय ऑइल कूलरवर घ्या. चालू इंजिनात ऑइलचा दाब खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. इंजिन बंद झालं की उलट होतं, खारं पाणी आत येतं. म्हणून डिपस्टिक सकाळी, सेल्फ मारण्याआधी बघावी. कूलर काढा, एक बाजू बंद करा, दुसरीकडून ४ किलो हवा भरा आणि पिंपात बुडवून १० मिनिटं बुडबुडे बघा. गियरवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचं सीलही तपासा. गळती बंद केल्यावर ऑइल काढा, नवा फिल्टर लावा, त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल घालून १० मिनिटं आयडलवर चालवा आणि पुन्हा काढा. स्वच्छ निघेपर्यंत, बहुधा तीनदा, हे करावं लागतं. काम उद्यावर टाकू नका, मिठाच्या पाण्याने क्रँकला फार लवकर गंज धरतो. आधीचं बेअरिंग जळाल्यामुळे ओव्हरहॉल झालं असेल, तर जुना कूलर पुन्हा वापरूच नये. त्याच्या नळ्यांत अडकलेला धातूचा चुरा नव्या बेअरिंगांत उतरतो.

ऑइल खर्च होतंय अशी तक्रार असेल तर नवं जोडलेलं इंजिन सुरुवातीला रुळवलं कसं ते विचारा. जेट्टीला बांधून तासन्‌तास आयडलवर चालवलेल्या इंजिनाचे लायनर गुळगुळीत होतात आणि रिंगा बसत नाहीत. गरम झाल्यावर निम्म्या ते पाऊण लोडवर चालवा. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तरी मागच्या सीलमधून ऑइल गळतं. ती नळी साफ करून मगच सीलला हात लावा.

पहिलं ऑइल २५ ते ५० तासांत बदला. जुनं ऑइल डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याला द्या, मांडवीत किंवा साळ नदीत ओतू नका. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि चुंबक फिरवा. बारीक काळी भुकटी चालेल. पण चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा करडे चमकते कण दिसले, तर ते बेअरिंगचे आहेत. पुढच्या फेरीला जाण्याआधी चेंबर उतरवा.