भूवैज्ञानिक काळ लिहिताना या चुका टाळा

सगळ्यांत चिवट चूक म्हणजे कल्पाची, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका मोठ्या कालखंडाची, सीमा जीवाश्माला बांधणं. सीमा असते ती एका ठरावीक कड्यातल्या एका ठरावीक पातळीवर. तिलाच ‘गोल्डन स्पाइक’ म्हणतात. तीच पातळी इतरत्र ओळखायला जीवाश्म ही खूण, एवढंच.

कँब्रियन कल्पाचा तळ, म्हणजे त्याची सुरुवात दाखवणारी पातळी, १९९२ साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेडला ठरला. खूण होती ट्रेप्टिक्नस पेडम, म्हणजे गाळात राहिलेला बिळांचा माग. पुढे तोच माग त्याच कड्यात ठरलेल्या पातळीच्या सुमारे ४ मीटर खाली सापडला. घाईतली मंडळी लगेच ‘कँब्रियन मागे सरकला’ असं लिहून मोकळी! सरकलं काहीच नाही, खूण तेवढी कच्ची ठरली. आकड्याचंही तसंच. या तळाचं वय पूर्वी ५४.१ कोटी वर्षं छापलं जाई, आता ५३.८८ कोटी. मोजणी सुधारली, व्याख्या तीच राहिली. म्हणून मी आधी ठिकाण आणि थर लिहितो, मग खूण, आकडा सर्वांत शेवटी. आणि तो आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाच्या कोणत्या वर्षाच्या तक्त्यातला, तेही.

ट्रायासिक कल्पाचा तळ म्हणजे महाविलोपन (असंख्य जीवजाती एकदम नष्ट होणं), हेही चूक. चीनमधल्या मेइशानला विलोपनाचा थर २५ क्रमांकाचा, सीमा २७-क च्या तळाशी. अंतर जेमतेम वीतभर, पण त्यात हजारो वर्षं मावतात.

६६ दशलक्ष म्हणजे ६.६ कोटी, ६६ कोटी नव्हे. ही चूक छापील पुस्तकांतही सर्रास दिसते.

खडक ‘खालचा-वरचा’, काळ ‘आधीचा-नंतरचा’. सरमिसळ नको.

आर्कियन आणि प्रोटेरोझोइक या कँब्रियनपूर्व कालखंडांमधल्या सीमेला स्पाइक शोधू नका. तिथे २५० कोटी हा गोल आकडाच ठरवलेला आहे.

अँथ्रोपोसीन या माणसाच्या प्रभावावरून सुचवलेल्या नव्या कालखंडाचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला. तक्त्यात आपण अजून होलोसीनच्या मेघालयन काळातच आहोत.

आणि आपल्याकडची लाडकी पळवाट: सह्याद्रीतला दगड उचलायचा आणि चिठ्ठीवर ‘क्रिटेशस’ लिहायचं. दख्खनचे लाव्हा क्रिटेशस आणि त्यानंतरचा पॅलिओजीन या कल्पांमधल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेत. शिवाय ‘महाबळेश्वर फॉर्मेशन’ हे खडकांच्या संचाचं नाव आहे, काळाचं नाही. नमुना कोणत्या लाव्हाप्रवाहातला, समुद्रसपाटीपासून किती मीटरवरचा, हे जागेवरच नोंदवा. वय मोजलेलं नसेल तर ‘क्रिटेशस-पॅलिओजीन’ असं जोडून लिहा.