कान वाजतोय? मग या चुका टाळा

पहिल्या रात्री मी घरातला मेन स्विचच पाडला होता. डिसेंबर होता, नाशिकची थंडी, पंखा बंद, खिडक्या गच्च लावलेल्या. दोनच्या सुमारास बारीक, सलग शिट्टी ऐकू यायला लागली. आधी फ्रीज बंद केला, मग इन्व्हर्टर, मग मोबाइलचा चार्जर काढला, आणि शेवटी मेन. अंधारात उभा राहिलो तर शिट्टी उलट मोठी झालेली. बायको उठली. "अहो, लाइट गेली का?"

"तुला काही ऐकू येतंय?"

"तुमचाच आवाज येतोय. झोपा आता."

याला सहा वर्षं झाली. अंबडच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या मशीनवर, बावीस वर्षं नोकरी, त्याआधी कॉलेजच्या दिवसांत ढोल पथक. कानांनी बिल पाठवलं ते असं. डॉक्टर याला कर्णनाद किंवा टिनिटस म्हणतात. जगभरातल्या अभ्यासांचा २०२२ मधला एक आढावा सांगतो की साधारण १४ टक्के प्रौढांना हा अनुभव येतो, आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो तीव्र असतो. मी त्या दोनांत होतो. त्या काळात केलेल्या चुका इथे लिहितोय, कारण ओळखीतला जो कोणी "कानात काहीतरी वाजतं" म्हणत येतो, तो जवळजवळ याच क्रमाने त्या करत असतो.

शांतता शोधत फिरणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात साहजिकही. आवाजाचा त्रास होतोय म्हणजे शांत जागा हवी, असं वाटतं. मी मागच्या खोलीत झोपायला लागलो, दाराच्या फटीत चादर कोंबली, कानात कापसाचे बोळे घातले. दोन आठवड्यांत हालत आणखी वाईट.

कारण समजून घेतलं की चूक लक्षात येते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या पट्टीतल्या पेशी गेल्या, त्या पट्टीतून मेंदूला संदेश येणं कमी होतं, मग मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओला स्टेशन लागत नसताना आवाज वाढवला की खरखर वाढते, तसंच काहीसं. खोली जितकी शांत, तितका मेंदू कान टवकारतो. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी कानाची कसलीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे ९४ टक्क्यांना, कसला ना कसला आवाज ऐकू आला.

तेव्हा शांतता नको, मंद आवाज हवा. पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, काहीही. मी पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याजवळ उभं राहून मोबाइलवर वीस मिनिटं रेकॉर्ड करून आणलं, अजून तेच लावतो. फक्त शिट्टी पूर्ण बुडेल इतकं मोठं लावू नका. दोन्ही एकत्र ऐकू आले पाहिजेत, तरच मेंदूला शिट्टीकडे दुर्लक्ष करायची सवय लागते.

बोळ्यांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण इथे गल्लत होते. घरात, बाजारात, बसमध्ये कान बंद ठेवले तर साध्या आवाजाचीही सहनशक्ती जाते. मला चमचा ताटलीवर पडला तरी दचकायला व्हायचं. पण मशीनवर कान झाकायलाच हवेत. ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं, असा सुरक्षित वेळेचा हिशोब आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. "इयरप्लग घातला की सुपरवायझर काय बोलतो ते कळत नाही" म्हणून मी तो खिशात ठेवायचो. खिशाला काही झालं नाही.

"आज किती आहे?" हे दर तासाला तपासणं

सकाळी डोळे उघडायच्या आत मी आधी कान तपासायचो. चहा घेताना, सिग्नलला थांबल्यावर, मीटिंगमध्ये. एक वही केली होती, दहापैकी गुण द्यायचे. वहीतले आकडे चढत गेले, कारण दिवसभर मी दुसरं काही ऐकतच नव्हतो.

मोजणी करून बघितली तर बहुतेकांचा हा आवाज ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा थोड्याच डेसिबलने वर निघतो. मग छळ एवढा का? कारण मेंदूने त्याला धोक्याची घंटा मानलेलं असतं. दारात साप आहे असं समजून शरीर रात्रंदिवस सज्ज राहतं. छाती धडधडते, खांदे वर चढलेले राहतात, पोट बिघडतं. झोप मोडते, झोप मोडली की चिडचिड, चिडचिड झाली की आवाज मोठा. माझी मान आणि जबडा सतत दुखायचा. दातांच्या डॉक्टरांनी दाढा बघून विचारलं, "रात्री दात खाता का?" खात होतो. आणि जबडा, मान आवळलेली असली की पुष्कळांचा कर्णनाद बदलतो, वाढतो. जबडा घट्ट मिटून बघा. आवाजात फरक पडला तर हे तज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्यावर व्यायाम असतात.

वही मी बंद केली. त्रास मोजायचाच असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे, पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते. ती काही महिन्यांनी एकदा भरायची, आणि तिच्यात आवाज किती मोठा हे विचारतच नाहीत. झोप, लक्ष, राग, निराशा, लोकांत मिसळणं, हे विचारतात.

"यावर उपाय नाही" ऐकून घरी बसणं

मला पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत हे सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. ते अर्धं खरं आहे. शिट्टी बंद करणारी गोळी नाही, हे खरं. पण कधीकधी कारण साधं असतं. कानातला मळ, मधल्या कानातलं पाणी, रक्त कमी असणं, थायरॉइड, एखादं औषध. मोठ्या डोसमधली ॲस्पिरिन, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांनी कान वाजू शकतो. अशा वेळी औषध स्वतःहून बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्यालाच विचारायचं.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, तर करायलाच हवी. माझ्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा होता. कारखान्यातल्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. म्हणजे ऐकू कमी येत होतं आणि मी समजत होतो की लोक पुटपुटतात. श्रवणयंत्र लावलं आणि बाहेरचे आवाज परत आल्यावर आतला मागे सरकला. पुष्कळांना असा फरक पडतो, तरी "मशीन लावलं की म्हातारा दिसेन" म्हणून लोक वर्षं घालवतात. मीही दोन घालवली.

आता थांबायचं नाही असे प्रसंग. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तिथे स्टेरॉइड लवकर सुरू होण्याला महत्त्व आहे, "सर्दीमुळे दडा बसला असेल" म्हणत महिना घालवलात तर गेलेलं परत येण्याची शक्यता कमी होते. आवाज नाडीच्या ठोक्यासारखा, धक-धक येत असेल, किंवा फक्त एकाच कानात असेल, किंवा सोबत गरगरतंय, चेहरा वाकडा होतोय, तर तपासण्या, लागल्यास एमआरआय, टाळू नका.

कानात काहीबाही घालणं

लसूण घालून कोमट केलेलं तेल, कांद्याचा रस, कापूस लावलेली काडी. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जातं आणि दुखणं वाढतं. कानात पेटती मेणबत्ती धरून मळ काढणारे, जिंको या वनस्पतीच्या महागड्या गोळ्यावाले, सगळ्यांना हात जोडा. चहा सोडल्याने शिट्टी जात नाही, डोकं मात्र दुखतं.

मनाचं कुणाला न सांगणं

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "माझाही वाजतो रे कधीकधी." तिचं चुकलं नाही, पण त्यानंतर मी बोलणंच बंद केलं. सततचा आवाज दिसत नाही, सूज नाही, रिपोर्ट नाही. ऑफिसमध्ये सांगितलं तर डोक्यावर परिणाम झाला म्हणतील, ही भीती. मित्रांचे कट्टे सुटले. झोपेची गोळी मेडिकलमधून स्वतःच आणली, ती वाढत गेली. मार्चमध्ये रंगपंचमीला, नाशिकच्या रहाडींत म्हणजे रंगाच्या हौदांत उड्या मारायचा दिवस असूनही, मी खोलीतून बाहेर पडलो नाही, आणि जगायचं कशाला असे विचार यायला लागले होते.

हे इतक्या उघडपणे लिहितोय कारण तीव्र कर्णनादात नैराश्य येतं आणि असे विचार येतात, आणि तेव्हा कानाच्या डॉक्टरांइतकाच मनाचा डॉक्टर लागतो. तुमच्या बाबतीत असं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर आत्ता फोन करा, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुढे मला समुपदेशकाकडून सीबीटी मिळालं, म्हणजे बोलण्यातून विचारांची आणि वागण्याची सवय बदलायचा उपचार. कर्णनादाचा त्रास कमी करण्यासाठी सर्वात भक्कम पुरावा त्याच पद्धतीचा आहे. आवाज तसाच राहतो, पण त्याला धोक्याची घंटा समजणं सुटतं. मला साधारण चार महिने लागले.

घरच्यांसाठी दोनच विनंत्या. "लक्ष देऊ नकोस" हे सांगू नका, त्याने लक्ष तिथेच जातं. आणि स्वयंपाकघरातून हाक मारू नका, समोर येऊन बोला.

ढोल ऐकणं मी सोडलेलं नाही. वाकडी बारवेपासून निघणारी गणेश विसर्जनाची मिरवणूक रविवार कारंजाला पोचते तेव्हा तिथे असतो, फक्त इयरप्लग घालून, डीजेच्या भिंतीपासून लांब, आणि तासाभरात घरी.

थंडीत मात्र अजून भांडण होतं. इकडे निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या, आणि आमच्या बेडरूममध्ये पंखा एकवर. बायको दोन रजया घेते, कानटोपी घालते आणि म्हणते, "तुमच्या त्या शिट्टीला सांगा, मला हीटर घेऊन दे."

घेतला. घुर्र आवाज करतो, छान झोप लागते.