देवगडच्या पेटीचं लेबल आणि दोन न जुळणारी सॉफ्टवेअर

आमच्या हापूसच्या पेटीचं लेबल मुंबईच्या दादाने इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. माझ्याकडे देवगडात त्याच कामाचं इंकस्केप, फुकटचं. त्याची एआय फाइल (इलस्ट्रेटरची स्वतःची फाइल) इंकस्केपमध्ये उघडली खरी, पण त्यातला पीडीएफचा भागच वाचला गेला आणि मजकुराचे तुकडे तुकडे झाले. 'देवगड हापूस'मधलं एक अक्षर बदलायचं तर सगळी ओळ विस्कटायची.

दादाला म्हटलं, "एसव्हीजी पाठव, आणि अक्षरांचं आउटलाइन करू नकोस." एसव्हीजी म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअरना वाचता येणारी चित्राची फाइल; आउटलाइन केलं की अक्षरांचे नुसते आकार उरतात, मजकूर बदलता येत नाही. फॉन्ट युनिकोडचा आणि दोघांकडे तोच बसवला. नाहीतर मराठीची पार भेळ होते.

तरी ३०० मिमीचं लेबल २२५चं दिसलं! बराच वेळ डोकं खाजवलं. इलस्ट्रेटर एका इंचात ७२ पिक्सेल धरतो, इंकस्केप ०.९२ आवृत्तीपासून ९६. मग सगळं निवडून, लांबी-रुंदीचं प्रमाण बदलू नये म्हणून कुलूप लावून, १३३.३३ टक्के केलं आणि पट्टीने मोजून पाहिलं.

रंग मात्र एसव्हीजीत आरजीबीच, म्हणजे पडद्यासाठीचे, राहिले. म्हणून छापखान्यासाठी सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगांची) पीडीएफ शेवटी दादाच काढतो. आंबा पिवळा हवा, हिरवट नको. एआयची मूळ प्रत आम्ही दोघंही जपून ठेवतो, बदल फक्त एसव्हीजीत.