लूपमधील ब्रेक आणि कंटिन्यू : या चुका टाळा

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्याला साधा लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, लिहिणे लवकर जमते. अडचण सुरू होते ती चालू लूप मध्येच थांबवायचा किंवा त्यातील एखादी फेरी वगळायची असते तेव्हा. ब्रेकमुळे लूप तिथेच संपतो आणि कंटिन्यूमुळे चालू फेरीचा उरलेला भाग वगळला जातो, एवढे बहुतेकांना पाठ असते. त्या विधानानंतर नियंत्रण नेमके कोणत्या ओळीवर जाते हे मात्र पाहिलेले नसते, आणि पुढील बहुतेक चुका तेथूनच येतात.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक व्हाइल लूपमधील, म्हणजे दिलेली अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपमधील, कंटिन्यूची आहे. समजा, १ ते १० या संख्यांपैकी ३ ने भाग जाणाऱ्या वगळून बाकीच्या छापायच्या आहेत. चलाची (बदलती किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत १ पासून सुरू केली, ती १० पेक्षा मोठी होईपर्यंत लूप चालेल अशी अट घातली, आत पहिल्याच ओळीत ‘३ ने भाग जात असेल तर कंटिन्यू’ असे लिहिले, त्याखाली संख्या छापली आणि शेवटच्या ओळीत चलात १ मिळवला. हा प्रोग्रॅम १ आणि २ छापतो आणि गप्प बसतो. त्रुटीचा संदेश येत नाही आणि प्रोग्रॅम संपतही नाही. चलाची किंमत ३ झाली की कंटिन्यूमुळे नियंत्रण थेट अटीकडे परत जाते, १ मिळवणारी ओळ खालीच राहते आणि ३ चे ४ कधीच होत नाहीत. सी किंवा जावा या भाषांमधील फॉर लूपमध्ये हेच काम बिनबोभाट चालते, कारण तेथे वाढ लूपच्या पहिल्या ओळीतच लिहिलेली असते आणि कंटिन्यूनंतर नियंत्रण आधी त्या वाढीकडे व मग अटीकडे जाते. म्हणूनच फॉरचा व्हाइल करताना ही चूक हमखास शिरते. अशा ठिकाणी नवशिक्याने इफची (‘जर’ची) अट उलटी करून छापण्याची ओळ तिच्या आत घ्यावी असे माझे मत आहे. मग कंटिन्यूची गरजच उरत नाही. अडकलेला प्रोग्रॅम टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) सहसा कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून थांबवता येतो.

एखाद्या वाटेवर चल न बदलण्याची ही चूक केवळ शिकाऊ माणसेच करतात असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या झून या संगीत ऐकण्याच्या उपकरणाचे ३० जीबीचे मॉडेल ३१ डिसेंबर २००८ रोजी ठिकठिकाणी एकदम बंद पडले. दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणारा त्यातील लूप दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत चालत असे, आणि वर्ष लीप असल्यास दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच त्यातून ३६६ वजा करत असे. तो लीप वर्षाचा बरोबर ३६६ वा दिवस होता : लूपची अट खरी, वजाबाकीची अट खोटी, आणि बाहेर पडायला वाट नाही. व्हाइल लूप तपासताना म्हणून प्रत्येक इफच्या दोन्ही फांद्यांवरून बोट फिरवावे आणि अटीतील चल प्रत्येक वाटेवर बदलते का, किंवा त्या वाटेवर ब्रेक तरी आहे का, हे पाहावे.

ब्रेकबाबत होणारा गैरसमज वेगळा आहे. एका लूपच्या आत दुसरा लूप असेल, तर आतल्या लूपमधील ब्रेक फक्त आतल्याच लूपमधून बाहेर काढतो. तक्त्यात एखादी संख्या शोधून तिची जागा नोंदवणारा प्रोग्रॅम त्यामुळे संख्या सापडल्यावरही पुढची ओळ तपासू लागतो, आणि तीच संख्या खाली पुन्हा आली तर आधीची नोंद पुसली जाते. जावामध्ये बाहेरच्या लूपला लेबल (नाव) देऊन त्या लेबलासह ब्रेक लिहिता येतो. पायथन या भाषेत तशी सोय नाही. तेथे शोधाचे काम वेगळ्या फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या स्वतंत्र तुकड्यात) नेऊन त्यातून थेट बाहेर पडणारे रिटर्न वापरणे सर्वांत स्वच्छ ठरते. सी आणि जावामध्ये लूपच्या आत स्विच (अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना) असेल, तर स्विचमधील ब्रेक स्विचपुरताच असतो, तर कंटिन्यू मात्र लूपलाच लागू होतो. ‘बाहेर पडा’ हा पर्याय निवडूनही मेनू पुन्हा समोर येत असेल, तर पहिला संशय याच ब्रेकवर घ्यावा.

पायथनमध्ये इफप्रमाणे लूपलाही एल्स (‘नाहीतर’चा भाग) जोडता येतो आणि तो ब्रेक न होता लूप पूर्ण झाला तरच चालतो. यादीत नाव शोधताना हा एल्स चुकून इफच्या रेषेत लिहिला गेला, तर न जुळणाऱ्या प्रत्येक नावागणिक ‘सापडले नाही’ असे छापले जाते. तो फॉरच्या रेषेत आणावा. पण इफच्या आत ब्रेक लिहायचा राहिला, तर नाव सापडूनही एल्स चालतोच.



राहिली ती यादी फिरत असतानाच तिच्यातून घटक काढण्याची चूक. पायथनमध्ये २, ४, ५, ६ या यादीवर फॉर लूप चालवून प्रत्येक सम संख्या काढून टाकली, तर शेवटी केवळ ५ उरावा, पण उरतात ४ आणि ५. पहिल्या फेरीत २ निघाल्यावर ४ सरकून पहिल्या जागी येतो, लूप मात्र दुसऱ्या जागेकडे गेलेला असतो, आणि तेथे त्याला ५ भेटतो. ४ तपासलाच जात नाही. लूपच्या पहिल्या ओळीत चालू घटक आणि संपूर्ण यादी छापून पाहिली की हे सरकणे डोळ्यांना दिसते. मूळ यादीला हात न लावता हवे ते घटक नव्या यादीत जमा केले, की ही चूक होत नाही.