कोविडचा पेशंट आयसीयूत वाचावा म्हणून या चुका टाळा

वय, मधुमेह, किडनीचा विकार, लठ्ठपणा यांवर आयसीयूतलं बरंच काही ठरतं आणि ते ऐनवेळी बदलता येत नाही. पण पेशंट कोणत्या अवस्थेत तिथे पोहोचतो, हे घरातच ठरतं.

सगळ्यांत महागात पडते ती दुखणं अंगावर काढायची सवय. ‘ताप उतरलाय, चहा प्यायला, बोलतोय की!’ या भरवशावर राहू नका. या आजारात ऑक्सिजन, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा, ८५ वर आला तरी कधीकधी माणूस निवांत बोलतो, दम लागल्याचं त्याला कळतच नाही. तब्येत बिघडते तीही बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर, घरचे निर्धास्त झाल्यावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच चंदगडहून कोल्हापूर शहर शंभर किलोमीटरच्या वर आहे. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात रात्र जाते. बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, किंवा सहा मिनिटं घरात चालून तीन अंकांनी उतरत असेल, तर लगेच निघा. आधीच धाप असेल तर चालवू नका. गार बोट, मेंदी, नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर होऊ द्या.

मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड आणू नका. २०२० च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांश आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांश घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. उलट साखर भडकते. २०२१ मध्ये म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, ते दाखवून दिलं.

पेशंट आत गेल्यावर डब्याची घाई नको. आजाऱ्याला गरम पांढरा रस्सा पाजावा, ही आपली माया मला कळते. पण बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क काढला की ऑक्सिजन झपाट्याने उतरतो आणि धापेत घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. नर्सला विचारूनच काय ते द्या. पालथं झोपवलेलं पाहून ‘हाल करतायत’ म्हणून भांडूही नका. त्याने फुप्फुसाचा मागचा भाग उघडतो.

निघताना एका कागदावर ताप आल्याची तारीख, रोजच्या गोळ्या, इन्सुलिनचा डोस आणि घरी दिलेलं प्रत्येक औषध लिहा. काढाही लपवू नका.