डीएसएल लाईन सारखी तुटतेय? अलार्म आणि लाईनचे आकडे बघून फॉल्ट कुठे आहे ते असं शोधा

पाऊस सुरू झाला की तांब्याच्या टेलिफोन केबलवर ब्रॉडबँड (डीएसएल) सांभाळणाऱ्यांची पळापळ सुरू होते, सकाळी स्क्रीन उघडावी तर अलार्मची यादी लालभडक. नवीन पोरं कामावर येतात त्यांना फायबरचं सगळं माहीत असतं पण कॉपरचं कुणी शिकवत नाही, म्हणून जे स्वतः लाईनवर फिरून कळलं ते इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे अलार्म दिसला की लगेच पोर्ट (एक्स्चेंजच्या मशीनवरची त्या ग्राहकाची जोडणी) रिसेट मारू नका. रिसेट मारला की सिंक येतो (मॉडेम आणि एक्स्चेंज परत जुळतात), ग्राहक म्हणतो चालू झालं, आणि दोन तासांनी परत तक्रार. मधल्या काळात मॉडेमनी जे एरर मोजून ठेवले होते ते शून्य झालेले असतात, म्हणजे पुरावाच गेला. आधी मार्जिन (एसएनआर मार्जिन, सिग्नल नॉइजच्या वर गरजेपेक्षा किती जास्त आहे), अ‍ॅटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती घटला), सीआरसी (डेटातल्या चुका), ईएस (चूक आलेले सेकंद), एसईएस (खूप चुका आलेले सेकंद) हे सगळं वेळेसकट लिहून घ्या किंवा फोटो काढा, मगच हात लावा.

आता अलार्म कोणता आहे ते बघा. एलपीआर आला म्हणजे मॉडेमची पॉवर गेली, बंद पडता पडता मॉडेम तेवढा एक निरोप पाठवतो, त्यालाच डाइंग गॅस्प म्हणतात. एकाच गावातल्या तीस-चाळीस पोर्टवर एकाच मिनिटाला एलपीआर आला तर लाईट गेलीय, गाडी काढू नका. एलपीआर न येता थेट एलओएस आला तर मॉडेम चालू आहे पण सिग्नल पोचत नाही, म्हणजे वायर तुटली किंवा कुणी भिंतीतून पिन उपसली. (काही स्वस्त मॉडेम डाइंग गॅस्प पाठवतच नाहीत, म्हणून एक फोन करून लाईट आहे का विचारा.) एलओएफ म्हणजे सिग्नल आहे पण फ्रेम (डेटाचे ठराविक तुकडे) जुळत नाही, तिथे बहुतेक वेळा नॉइज असतो नाहीतर मार्जिन खाली गेलेलं असतं.

एकदम खूप पोर्ट पडले तर मी एकच गोष्ट बघतो, ती म्हणजे ओळीत काय आहे, पोर्ट नंबर की पेअर (केबलमधली ग्राहकाची दोन तारांची जोडी) नंबर. एमडीएफवर (एक्स्चेंजमधली फ्रेम, जिथे पोर्ट बाहेरच्या पेअरला जोडतात) जंपर (जोडणाऱ्या तारा) कसेही गेलेले असतात त्यामुळे पोर्ट ३ आणि पोर्ट ४ गावाच्या दोन टोकांना असू शकतात. पडलेले पोर्ट एकाच कार्डवर ओळीने असतील आणि पेअर विखुरलेले असतील तर कार्ड किंवा त्याच्या मागची टॅग केबल बघा. उलट पोर्ट विखुरलेले पण पेअर एकाच केबलमधले ओळीने असतील तर रस्त्यावर कुठेतरी जेसीबी लागलाय. पाच मिनिटं रजिस्टर चाळलं तर अर्धा दिवस खणणं वाचतं. डीस्लॅमचे (हे सगळे पोर्ट ज्यात असतात त्या मशीनचे) स्वतःचे अलार्म वेगळे, पंखा, टेंपरेचर, पॉवर. तिथे फिल्टरची धूळ झटका आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजा, २ व्होल्टचे २४ सेल चार्जिंगवर असताना साधारण ५४ व्होल्ट दाखवतात, चार्जर चालू असूनही त्याच्या बरंच खाली असेल तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) बघा.

लाईन तुटत नाही पण स्लो आहे, मधेमधे अडकते, अशा तक्रारीत खरी मेहनत असते. मॉडेमचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१ वर असतं. एसएनआर मार्जिन साधारण ६ डीबीला सेट केलेलं असतं, सिंक झाल्यावर ते २-३ वर घसरत असेल तर लाईन केव्हाही पडणार. अंधार पडल्यावर मार्जिन थोडं उतरतं, कारण रात्री मीडियम वेव्ह रेडिओ लांबून लांबून ऐकू येतो आणि आपली केबल अँटेनासारखी तो पकडते, त्याच्यामागे धावू नका. म्हणूनच तुलना करायची तर रोज एकाच वेळेचे आकडे घ्या.

अ‍ॅटेन्युएशन अंतराशी ताडून बघा. ०.५ मिमी तांब्यावर एडीएसएलला किलोमीटरमागे साधारण १४ डीबी धरायचे. घर २ किमीवर असेल तर २८ च्या आसपास यायला पाहिजे, तिथे ४५ दिसत असेल तर ते अंतर नाही, कुठेतरी जॉइंट खराब आहे किंवा पेअरची एक तार तुटलीय. हो, एक तार तुटली तरी एडीएसएल सिंक होऊ शकतो! मी स्वतः यात फसलोय, एका घरी डायल टोन नाही पण मॉडेमचा दिवा स्थिर आणि स्पीड जेमतेम ३०० केबी, दोन मॉडेम बदलले, प्रोफाइल (लाईनची सेटिंग) बदलली, आणि शेवटी डीपीतला (घराजवळच्या जोडणीच्या डब्यातला) एक स्क्रू गंजून तार सुटलेली निघाली. तेव्हापासून आधी फोन उचलून डायल टोन ऐकतो. खरखर येत असेल तर ब्रॉडबँडचं नंतर, आधी लाईन दुरुस्त.

एररमध्ये एफईसी मोठा दिसला तरी घाबरू नका, त्या चुका दुरुस्त झालेल्या असतात. सीआरसी म्हणजे दुरुस्त न झालेल्या. पण नुसता सीआरसीचा आकडाही फसवतो. ५०० सीआरसी पाच सेकंदात आले असतील तर मोटर किंवा लिफ्ट चालू झाल्यासारखा एक झटका आहे, तेच ५०० वेगवेगळ्या सेकंदांत पसरले असतील तर ईएस ५०० होतो आणि तिथे कायमचा काहीतरी त्रास आहे. एडीएसएलमध्ये एका सेकंदात १८ किंवा जास्त सीआरसी आले की तो सेकंद एसईएस, आणि असे १० सेकंद सलग गेले की लाईन अनअव्हेलेबल धरली जाते.

अजून एक, एरर कुठल्या दिशेला आहेत ते नक्की बघा. सिग्नल जिथे पोचतो तिथे सगळ्यात अशक्त असतो, त्यामुळे नॉइजही तिथलाच जास्त लागतो. फक्त डाउनस्ट्रीमला (ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेला) एरर असतील तर त्रास ग्राहकाच्या घराजवळ, फक्त अपस्ट्रीमला (ग्राहकाकडून जाणाऱ्या दिशेला) असतील तर एक्स्चेंजच्या बाजूला.

घराजवळचा नॉइज शोधायला बॅटरीवरचा साधा एएम रेडिओ घ्या, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे स्टेशन नाही तिथे लावा आणि घरात फिरा. ज्या वस्तूजवळ घर्रर्र वाढतं ती बंद करून सीआरसी थांबतो का बघा. स्वस्त एलईडी ड्रायव्हर, डिमर, पंपाचा स्टार्टर, मोबाईल चार्जर, यातलंच काहीतरी निघतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून असा नॉइज सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदाला ठोका देतो. वस्तू बदलता येत नसेल तर इंटरलीव्हिंग (डेटा वेळेत पसरवून पाठवणं) चालू करा आणि आयएनपी (नॉइजच्या झटक्यापासून संरक्षणाची सेटिंग) २ ठेवून बघा, पिंग थोडा वाढेल पण लाईन टिकेल.

मॉडेममध्ये बिट्सचा आलेख (प्रत्येक टोनवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या छोट्या पट्टीवर, किती बिट्स जातात) दिसत असेल तर तो नक्की उघडा, मला तर तो ईसीजीसारखा वाटतो. दोन-चार टोनवर अरुंद खड्डा असेल तर रेडिओ, प्रत्येक टोन ४.३१२५ किलोहर्ट्झचा म्हणून आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ बरोबर १८४ व्या टोनजवळ येतं. रुंद, गोलसर दरी असेल तर लाईनला कुठेतरी लोंबकळती जुनी फांदी जोडलेली आहे, म्हणजे ब्रिज टॅप. ५० मीटरचा तुकडा १ मेगाहर्ट्झजवळ म्हणजे २३२ व्या टोनच्या आसपास दरी पाडतो, २५ मीटरचा २ मेगाहर्ट्झजवळ. वरच्या खोलीत नेलेलं आणि आता कुणी वापरत नसलेलं पॅरलल एक्स्टेंशन हे याचं नेहमीचं कारण, कापून टाका.

आता लाईन तुकड्यातुकड्याने तपासायची. घरातली सगळी वायरिंग सोडवून पहिल्या रोझेटवर (फोनच्या सॉकेटवर) फक्त मॉडेम लावा. लाईन सुधारली तर दोष घरात, एखादा फोन स्प्लिटरशिवाय (फोन आणि ब्रॉडबँड वेगळं करणारी डबी) जोडलेला असतो आणि तो उचलला की सिंक जातो. नाही सुधारली तर स्वतःचा चांगला मॉडेम घेऊन डीपीवर, मग पिलरवर (रस्त्यावरचं केबलचं कपाट), शेवटी एमडीएफवर. एमडीएफवर थेट पोर्टला लावून पण मार्जिन खराब असेल तर पोर्ट बदला.

मीटर लावायचा असेल तर पेअर एमडीएफवरून सोडवा, प्रोटेक्शन मॉड्यूल काढा, मॉडेम काढा, नाहीतर सगळे आकडे खोटे येतात. रिंग चालू असताना उघडी तार धरू नका, ७५ व्होल्ट एसी असतं आणि ओल्या हाताला चांगलाच झटका बसतो. सोडवलेल्या पेअरची प्रत्येक तार आणि अर्थिंग यात व्होल्टेज दिसलं तर दुसऱ्या पेअरशी कॉन्टॅक्ट आहे. पलीकडचं टोक शॉर्ट करून लूपचा (दोन्ही तारांचा मिळून) रेझिस्टन्स मोजा, ०.५ मिमीला किलोमीटरमागे साधारण १७० ओहम, ०.४ मिमीला २७०. इन्सुलेशन १ मेगओहमच्या खाली असेल तर केबलमध्ये पाणी आहे, ऊन पडल्यावर आपोआप बरी होणारी लाईन पुढच्या पावसात परत पडतेच.

पिळून टेप मारलेला जॉइंट दिसला की तो तोडून जेल भरलेला यूवाय कनेक्टर लावा. अशा जॉइंटवर ऑक्साइड चढतो, फोनवर बोलताना करंट वाहतो तेव्हा तो थोडा फुटतो, म्हणून ग्राहक सांगतात की फोन केला की नेट चांगलं चालतं. त्यांचं म्हणणं खरं असतं, हसून सोडून देऊ नका.

टार्गेट मार्जिन ६ वरून ९ करणं, स्पीड कमी करणं हे सगळ्यात शेवटी. काम झालं की काउंटर शून्य करा आणि २४ तासांनी ईएस परत बघा, पेअर बदलला असेल तर त्याच दिवशी रजिस्टरमध्ये जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहा, आणि जुन्या पेअरला एमडीएफवर खराब म्हणून खूण करा, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी तोच पेअर दुसऱ्या ग्राहकाला देईल.